तीन कपांऐवजी शून्य

ओउलू, २१ ऑक्टोबर २०१२

ती. सायमीमावशीस,
हेल्काचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू कपाटात ठेवतेस, म्हणून हे पत्र. लेम्पीच्या घराच्या पायरीवर घसरून आईचं मनगट मोडलं, ते आता जुळून येतंय. पण एवढ्याशा पडण्यानं मोडलं कसं, म्हणून डॉक्टरांनी तिच्या हाडांची घनता तपासली. हाडं ठिसूळ झाली आहेत. वय चौऱ्याहत्तर, अंगानं काटकुळी, आणि दिवसाला दहा कप कॉफी. कॉफीमुळे शरीरातलं कॅल्शियम थोडंथोडं लघवीवाटे जातं, असं डॉक्टरांनी समजावलं. दूध आणि चीज वाढवायचं, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायच्या.

कॉफी मी तिला पूर्ण बंद करायला सांगितली आहे. डबा रिकामा केला आणि किटली माळ्यावर टाकून आले. तिनं एका शब्दानंही विरोध केला नाही. याचं मला बरं वाटलं, आणि जरा चुकल्यासारखंही. मेमध्ये पुन्हा तपासणी आहे. तोवर कॉफीच्या पाळीतल्या बाकीच्या चार घरांनी तिला आग्रह करू नये. विशेषतः तू. तुझा ‘अर्धाच कप’ काठोकाठ भरलेला असतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेल्का

—

हिएतावारा, ९ नोव्हेंबर २०१२

चि. हेल्कास,
सायमीमावशीचे अ. आ.

यंत्र कपाटात नाही, पावाच्या डब्यात आहे. माणसानं पूर्ण माहिती घेऊन टोमणे मारावेत.

ताई तुझं अगदी ऐकते. मंगळवारी लेम्पीच्या घरची पाळी होती. आपल्याकडचं तुला ठाऊक आहेच, पाच घरं, पाच वार, आणि अकराच्या ठोक्याला ज्याची पाळी त्याच्याकडे जमायचं. ताई दीड किलोमीटर चालत आली, बसली, आणि कपावर हात ठेवला. लेम्पीनं दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा आपल्यात कोण नाही म्हणतं? ताईनं गरम पाणी मागितलं. लेम्पीचा चेहरा पडला. तिला वाटलं, ताई तिच्याच पायरीवर पडली, म्हणून आता तिच्या घरचं काही तोंडाला लावणार नाही. मी दारात लेम्पीला समजावलं की हे डॉक्टरांचं पथ्य आहे. ती म्हणाली की डॉक्टर वगैरे ठीक आहे, पण पायरीवरची ओली पानं झाडायला ती विसरली होती हे साऱ्या गावाला माहीत आहे. तेव्हापासून ताई आणि लेम्पीचं बोलणं बंद. दोघींच्या वाटचे वेलदोड्याचे पाव मी खाल्ले. टाकायचे थोडेच?

तब्येतीला जप. विसर पडू देऊ नकोस.

सायमीमावशी

—

ओउलू, २ डिसेंबर २०१२

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

लेम्पीचं वाचून वाईट वाटलं, पण ते निवळेल. आई फोनवर म्हणते की सगळं ठीक आहे. रोज तीन पेले दूध पिते, गोळ्या चुकवत नाही. मी वहीत तारखा लिहून ठेवते. गेल्या सहा आठवड्यांत एकही कप नाही. इतकं सरळ कधी काही होत नाही आपल्या घरात, म्हणून मी दोनदा विचारलं. दोन्हीदा तिनं तेच उत्तर दिलं.

नाताळला रजा मिळत नाहीये. तुम्ही दोघी एकत्र जेवा. मायेत उणं पडू देऊ नकोस.

हेल्का

—

हिएतावारा, २० जानेवारी २०१३

चि. हेल्कास,
अ. आ.

ती ठीक आहे म्हणते, कारण तू ठीक आहे का असं विचारतेस. ताई घराबाहेर पडलेली नाही. मी मोजलं, सहा आठवडे झाले. दुसऱ्याच्या घरी जाऊन रिकाम्या कपासमोर बसायचं तिला जमत नाही. घरात कॉफी नाही, म्हणून तिची गुरुवारची पाळीही गेली. कॉफीशिवाय चार बायकांना घरी बोलवायचं कसं? आता चारच वार उरले आहेत. तिची पायानं रेटायची घसरगाडी अंगणात बर्फाखाली गेलीय, फक्त दांडा दिसतो.

मी जाते तेव्हा ती खिडकीशी बसलेली असते. उठताना टेबलाला धरून उठते. दोनदा उठायला गेली आणि परत बसली. पूर्वी तिचं रोज तीन किलोमीटर चालणं व्हायचं, जाऊन येऊन, बर्फात, तक्रार करत. मी शिकलेली नाही, पण पायांना विचारलंस तर तेही हेच सांगतील. तिला तिचा कप परत दे, हेल्का.

रागावलीस तरी पत्र लिही.

सायमीमावशी

—

ओउलू, २९ जानेवारी २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागावलेली नाही. मेपर्यंत थांबू. मध्येच बदल केला तर तपासणीत काहीच कळणार नाही. तिला घरातल्या घरात फेऱ्या मारायला सांगितलं आहे.

हेल्का

—

ओउलू, २४ फेब्रुवारी २०१३

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईची शस्त्रक्रिया नीट झाली. खुब्याच्या हाडात खिळा घातला आहे. खुर्चीतून उठताना स्वयंपाकघरात पडली, एवढंच ती सांगते. तू गेलीस म्हणून सापडली. किती वेळ पडून होती ते ती सांगत नाही, आणि मी विचारलं नाही.

मला रडू आलं नाही. परत आले, इस्त्री केली, सोमवारी कामावर गेले. कुणी विचारलं तर हाडाचं नाव अचूक सांगते.

काल वही काढली. तपासणीच्या दिवशी डॉक्टर जे बोलले ते मी तिथेच बसून लिहून घेतलं होतं. दहा कपांचे तीन करा. तीन चालतील, कॅल्शियम पुरेसं असेल तर. त्याखाली, चालणं अजिबात सोडू नका, हाडांना भार लागतो. माझंच अक्षर. तुला लिहिताना मी यातलं निम्मं लिहिलं. आईला तर फक्त शून्य सांगितलं. तीन म्हटलं तर ती पाच करेल, असा माझा हिशेब होता. खोटं बोलले असं तेव्हा वाटलं नाही. आता काय वाटतं तेही नीट सांगता येत नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात तसं आहे. ओढलेलं कळतं, दुखत नाही.

पंधरा मार्चला रुग्णालयात बैठक आहे. आईला घरी सोडायचं की वृद्धांच्या निवासात कायमचं ठेवायचं, ते त्या दिवशी ठरेल. वॉकर धरून ती तीस पावलं चालली नाही, तर निवास. सध्या ती सहा चालते आणि पलंग मागते.

तू मला काही बोल, म्हणजे बरं होईल.

हेल्का

—

हिएतावारा, ५ मार्च २०१३

चि. हेल्कास,
अ. आ.

बोलणार नाही. मीही सहा आठवडे मोजत बसले आणि मग पत्र लिहिलं. तेही पोस्टात टाकायला चार दिवस लावले.

बसनं तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा नर्स ताईच्या पलंगाशी ट्रे घेऊन आली, तर ताईनं कॉफीकडे पाहून मान हलवली. म्हणाली की हेल्कानं नको सांगितलंय. मी तुझ्या वहीतलं सगळं तिला वाचून दाखवलं, तू लिहिलंस तसं. मग मी नर्सला सांगितलं की यापुढे पलंगावर काही आणायचं नाही, दोन वाजता जेवणघरात मांडायचं. जेवणघर दाराशी लागूनच आहे, पण पावलं चौदा. दुसऱ्या खेपेला ताई नऊवर थांबली आणि मला शिव्या घातल्या. त्या शिव्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. तिसऱ्या खेपेला मी लेम्पीला बरोबर नेलं. लेम्पी जेवणघरात जाऊन बसली आणि तिनं दाराकडे पाठ केली. ताई पोचली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, यंत्र घरी होतं.

बैठकीला तू ये. माझं तिथे कुणी ऐकणार नाही.

आशीर्वाद घे आणि जेवत जा.

सायमीमावशी

—

जिल्हा रुग्णालय, १७ मार्च २०१३

चि. हेल्कास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा तू घाईत निघालीस, आणि समोर असताना मला बोलता येत नाही. म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, ते मनगटाचं.

बैठकीत तू वही उघडून सगळ्यांसमोर वाचलीस. डॉक्टर काय म्हणाले होते आणि तू मला काय सांगितलंस. रुग्णालयात नव्यानं कामाला लागलेली ती तरुण मुलगी खाली बघत होती, तू मात्र बातम्या वाचाव्यात तसं वाचलंस. ते ऐकायला मला आवडलं नाही. आता माझंही ऐक, हे कुठल्या वहीत नाही. सायमीनं वाचून दाखवायच्या आधीच मला तीन कपांचं ठाऊक होतं. डॉक्टर मोठ्यानं बोलले होते, मी बहिरी नाही, बहिरी सायमी आहे. तू शून्य म्हणालीस तेव्हा मी गप्प राहिले, कारण ते सोयीचं होतं. पायरीवर पडल्यापासून मला वाटेची भीती बसली होती. चार घरांना भीतीचं कारण सांगायची लाज वाटली असती. पोरीनं कॉफी बंद केलीय, हे सांगायला लाज वाटत नाही. तुझी बंदी मी पांघरुणासारखी घेऊन बसले.

तेव्हा सगळा दोष एकटीच घेऊन जाऊ नकोस. त्यातला माझा वाटा मला पुरे होईल.

तीस पावलं भरली, म्हणून त्यांनी चार आठवडे घरी राहून बघायला दिलं आहे. सकाळी मदतनीस येईल. गोळ्या आणि दूध चालू आहे. तू माळ्यावर चढून किटली काढायची गरज नाही, सायमीनं नवी आणली. भीती अजून आहे. काल चौतीस पावलं चालले, त्यातल्या प्रत्येक पावलाला होती. ती जाईल असं कुणी मला सांगू नये, तूही नको.

पण खिडकीशी बसून मी पडायची वाट बघणार नाही. पुन्हा पडायचंच असेल, तर कुणाकडे तरी निघालेली असताना, वाटेवर पडेन.

माया आहेच, ती विचारायची गोष्ट नव्हे.

तुझी आई,
एल्मा