बोडी निजली आहे

बाबूजी,

मुरमाचा ढीग फाटकाशी पडून आज आठ दिवस झाले. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं होतं, "मॅडम, कहाँ डालना है?" मी परसाकडे बोट दाखवायचं, तर माझ्या तोंडून निघालं, "यहीं गिरा दो." आता त्या ढिगावर शेजारची बकरी चढून बसते आणि येणारा-जाणारा विचारतो, "घर बांधून राहिल्या का मॅडम?" मी हो म्हणते. खरं काय ते सांगण्यापेक्षा घर बांधणं सोपं. खरं हे की तो मुरूम तुमच्या बोडीत, परसातल्या त्या चिमुकल्या तळ्यात, टाकायला आणला होता. ती बुजवायची, वर फरशी घालायची आणि भाऊ नागपूरहून दिवाळीला येतो तेव्हा त्याची गाडी तिथे उभी करायची. वर्षातून चार दिवस. भावाला उगाच दोष देऊ नका, हे मीच ठरवलं. आणि चिडूही नका. या घरात चिडायचा हक्क सध्या माझ्याकडे आहे. दहा वर्षं तुमची बोडी सांभाळून तो मी कमावला आहे.

लोक निवृत्त झाले की तीर्थाला जातात, नाहीतर नातवंडांच्या मागे लागतात. तुम्ही नव्याण्णव साली तहसील कचेरीतून निवृत्त झालात आणि दुसऱ्याच आठवड्यात सब्बल-फावडं घेऊन परसात उतरलात. पेरू आणि शेवगा यांच्या मधली जागा, दोन खाटा मावतील एवढी. आयुष्यभर फायलींना दोऱ्या बांधलेला माणूस धोतर खोचून खड्डा खणतो आहे आणि आई पायरीवर बसून तांदूळ निवडते आहे, हे मला आत्ताही दिसतं. आई म्हणते, "अंगणात मच्छर पाळाचे आहेत का?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "आपल्या आज्या-पंज्यायनं तलाव बांधले वो. मले एवढी बोडी त बांधू दे." त्यावर आई, "त्यायनं गावासाठी बांधले. तुमी माह्या कपडे वाळवाच्या जागेत बांधून राहिले." या वादात तुम्ही हरलात, पण खड्डा खणणं थांबलं नाही. माती चारी बाजूंनी थापून तुम्ही पाळ केलीत, एका कोपऱ्यात ती वीतभर खाली ठेवलीत आणि तिथे एक चपटा दगड बसवलात. "हा सांडवा," म्हणालात, मोठ्या इंजिनीयरच्या थाटात. पहिल्या पावसात ती भरली, तेव्हा गल्लीत मासोळ्या विकणाऱ्या मावशीकडून अॅल्युमिनियमच्या गंजात जिवंत मरळ घेऊन आलात. मावशी तुम्हाला म्हणाली होती, "खाची मासोळी पोसाले नेता का जी?" तिला वाटलं, बाबूजींचं डोकं फिरलं. मी तिच्या बाजूनं होते.

पुढच्या वैशाखात मी सुटीत घरी आले तेव्हा बोडीत पाण्याचा थेंब नव्हता. तळाला नुसता करपलेला चिखल, त्याला भेगा. मी म्हटलं, "आटली की हो." तुम्ही एकदम बोट ओठावर ठेवलंत. "आटली नाई. निजली आहे. तिले हात लावाचा नाई." मला काय आनंद झाला, बाबूजी! मी मराठीची प्राध्यापक, तुमच्या तोंडातून असं काही पडलं की मी ते झेलून खिशात टाकत असे. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. तशी तुमची बोडी आटत नाही, निजते. अशुभ शब्द तोंडाशी येऊ नये म्हणून माणसं किती हुशारीनं बोलतात, हे मी वर्गात शिकवलं, पोरींनी वह्यांत उतरवून घेतलं. तेवढ्यावर पोट भरलं नाही म्हणून रविवारच्या पुरवणीतल्या माझ्या सदरात लिहिलं, की आमच्या वडिलांची बोडी त्यांच्यासारखीच सरकारी नोकर आहे, आठ महिने कामावर असल्यासारखं दाखवते आणि उन्हाळ्यात हक्काची रजा टाकून निजते. लोक हसले. नागपूरहून पत्रं आली. तुम्ही तो अंक दोनदा वाचलात, कात्रण काढून पंचांगात ठेवलंत आणि मला एवढंच म्हणालात, "चांगलं लिवलं. पण बोडी रजेवर नाई राहत वो माय. निजते." मी म्हटलं, "तेच लिहिलंय ना!" तुम्ही चष्मा पुसत बसलात. तुम्हाला कोणी टोमणा मारला की तुम्ही चष्मा पुसत असा, हे मला ठाऊक होतं. तरी मी थांबले नाही, कारण माझा शब्द फार जमला होता.

मग तो मे महिना. तुम्ही गोंदियाच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर. मी दोन दिवस अर्जुनीला येऊन गेले, घराला कुलूप नीट आहे का बघायला, आणि परसात ती भेगाळलेली बोडी बघून मला गलबलून आलं. बाबूजी आजारी आणि त्यांची बोडी अशी कोरडी, हे बरं नव्हे, असं वाटलं. माझ्यासारख्या बाईला गलबलून आलं की काहीतरी नुकसान होतंच. शेजारच्या बोअरला पाइप लावला आणि अख्खा दिवस पाणी सोडलं. काठोकाठ भरली. पॅसेंजरनं परत आले ती थेट तुमच्या खाटेशी. आई स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपलेली. तुम्ही विचारलंत, "बोडी कशी आहे?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "भरली आहे, बाबूजी. काठोकाठ." तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "काऊन उठवली तिले?" मी आईकडे बघितलं. म्हटलं, "नाही उठवली, झोपलीच आहे ती." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललात ते औषधापुरतं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. आम्ही तुम्हाला घरी आणलं तेव्हा बोडीतलं पाणी घोटाभर उरलं होतं आणि त्यात चार मरळ उलट्या तरंगत होत्या. बगळे पाळीवर बसलेले. एवढ्या कोरड्या खड्ड्यात या आल्या कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण घरात माणसं जमलेली, मी त्या कुणाकडून तरी भिंतीपलीकडे टाकवल्या आणि बोअरचं पाणी खराब म्हणून शेजाऱ्याला बोलले.

पुढचं सगळं माझं कर्तृत्व. माझी बदली इथल्या कॉलेजात झाली, आई दोन वर्षांनी तुमच्या मागे गेली आणि बोडी माझ्या गळ्यात पडली. मी ठरवलं, हिला शिस्त लावायची. गवंडी बोलावून तळाला सिमेंट करून घेतलं, गुळगुळीत, आंघोळ करावी असं. कोपऱ्यातला सांडवा दिसायला वाईट दिसत होता, तोही सिमेंटनं बुजवला. तुमचा दगड तसाच आत राहिला. गवंडी म्हणाला होता, "मॅडम, पानी जायेगा किधर?" मी म्हटलं, जाएगा कहाँ, इसमें ही रहेगा. तलाव बांधणाऱ्यांच्या घरातली पोरगी गवंड्याला हे सांगते आहे! कॉलेजच्या कार्यक्रमात आपल्या पूर्वजांनी खोदलेल्या तलावांवर मी अर्धा तास बोलते, टाळ्या घेते, आणि घरी येऊन हे करते. गोंदियाहून प्लॅस्टिकच्या पिशवीत लाल मासोळ्या आणल्या. पॅसेंजरच्या डब्यातल्या प्रत्येकानं सल्ला दिला. एक बाई म्हणाली, "मुँह खोल दो, दम घुटेगा." दुसरी म्हणाली, खोलू नका, मरतील. मी सौंदड स्टेशनपर्यंत पिशवी उघडी ठेवली, तिथून पुढे बंद. त्या तशाही जगल्या, म्हणजे पाऊस येईपर्यंत जगल्या.

श्रावणात तीन दिवस झड लागली. सांडवा नाही, म्हणून पाणी पाळीवरून चहूकडून वाहिलं, मागच्या नाल्याचं पाणी इकडे चढलं आणि माझ्या लाल मासोळ्या गल्लीतून पोस्टाच्या दिशेनं निघून गेल्या. हिवाळ्यात पेरूची पानं पडून पाणी काळ्या चहासारखं झालं. मी स्वेटर घालून चाळणीनं पानं काढते आहे आणि पेरू वरून आणखी टाकतो आहे. उन्हाळ्यात ती निजू नये म्हणून रोज पाणी. पाणी हिरवं. हिरवं काढलं की गरम. गरमात मासोळ्या तोंड वर काढून मला शिव्या देत आहेत असं वाटे. या दुसऱ्यांदा आणलेल्या, त्या एकेक करून नाहीशा झाल्या. शेजारच्या मांजरीवर माझा संशय होता. त्यावरून शेजारणीशी सहा महिने बोलणं बंद, आणि त्या सहा महिन्यांत मांजर माझ्याच ओसरीवर झोपायची. तिसऱ्यांदा आणल्या, त्याही गेल्या. बाबूजी, एवढ्या वेळात मी डॉक्टरेट केली असती. शेवटी पेरूच्या मुळ्यांनी सिमेंट उचललं, तडे गेले, पाणी ठरेना. मग मी तिच्याकडे बघायचंच सोडलं. तीन वर्षं पावसानं यावं, तिनं भरावं, उन्हानं यावं, तिनं आटावं. पानं, गाळ, सगळं आत. यंदा एक दिवस भावाला फोनवर म्हटलं, "बुजवून टाकते." तो म्हणाला, "कधीच टाकायला पाहिजे होती ताई." इतक्या लवकर हो म्हणाला याचाच मला राग आला, पण मुरूम सांगून झाला होता.

मुरूम यायच्या सकाळी वाटलं, तुमचा सांडव्याचा दगड तेवढा काढून ठेवू. बैठकीत ठेवता येईल. आमच्यासारख्या लोकांना बैठकीत ठेवायला दगड लागतातच. सब्बल घेऊन उतरले. सिमेंटचा फुटका तुकडा उचकटला, तर खाली गाळ, आणि वरून दगडासारखा असलेला तो गाळ आत ओला, थंड. त्यात काहीतरी काळं, हातभर, वळलं. मी किंचाळले, "साप!" गल्लीतून मावशी टोपली डोक्यावर घेऊन चालली होती. तीच ती, आता कंबरेत वाकलेली. ती फाटकातून आत आली, टोपली खाली ठेवली, खड्ड्यात डोकावली आणि हसत सुटली.

"साप कायचा वो बाई! मरळ होय ते."

"मेलेली?"

"मरते कायले? निजून राहिलं."

"निजून म्हणजे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते. "निजते म्हंजे निजते. तुमी निजता तशी. पाणी आटलं का चिखलात घुसते, न् पाऊस येतवरी निजते. नाल्याच्या पाण्यासंगं चढून आलं असन तुमच्याइथं." मग माझ्या हातातला सब्बल काढून घेत म्हणाली, "तुमच्या लाल मासोळ्या कोनं खाल्ल्या, आता समजलं का? मांजरीच्या नावानं बोंबलत होत्या गल्लीभर." ती खाली बसली. ओला चिखल दोन्ही हातांनी त्या काळ्या पाठीवर ओढला, वर पेरूची पानं टाकली, तुकडा जसाच्या तसा ठेवला. मी पाइपकडे जायला निघाले. वाटलं, बिचारीला थोडं पाणी देऊ. मावशी ओरडली, "पाणी टाकू नोका बाई! मधातच उठवलं त मरते ते. वर येते, न् पाणी त दोन दिवसात आटते. उठलं का मंग त्याले पाऊसच पायजे."

मी पायरीवर बसले, आई तांदूळ निवडायची त्या जागी. मावशी टोपली उचलून गेली. मी बसूनच होते. तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

तुम्ही अशुभ टाळत नव्हतात. तुम्ही अलंकार वापरत नव्हतात. तुम्ही मला साध्या मराठीत सांगत होतात आणि मराठी माझा विषय होता. त्या खाटेवरून तुम्ही आईबद्दल विचारलं नव्हतं. त्या चार मरळ आल्या कुठून, हेही आता कळलं. त्या तिथेच होत्या, मी त्यांना उठवलं आणि मग गोंदियाला निघून गेले.

मुरूम फाटकासमोर पसरून टाकीन, पावसाळ्यात तिथे चिखल होतो. भावाला सांगितलं, गाडी रस्त्यावर लाव. त्यानं विचारलं, "का?" मी म्हटलं, निजली आहे ती. तो म्हणाला, "कोण?" त्याला समजावायला मी बसले नाही. उरलेलं सिमेंट फोडायचं आहे, सांडवा मोकळा करायचा आहे, पण आत्ता ठोकाठोक नको. पाऊस येऊ दे. त्या कात्रणाला उत्तर म्हणून सदरात काही लिहावं असं मनात आलं होतं. दोन ओळी लिहिल्या, त्या फार जमल्या, म्हणून फाडल्या. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही. तुमच्या पंचांगात त्या कात्रणाशेजारी ठेवते आहे.

एक मात्र सांगते, शेजारणीला कळू देऊ नका, ती आत्ताच कुठे पूर्वीसारखं बोलायला लागली आहे. गेले आठ दिवस परसातून कपडे वाळत घालायला जाताना मी पेरूपाशी थांबते आणि तिथून पुढे चपला हातात घेऊन जाते.