एका घराचं एक मत

आई, जेवणाच्या टेबलावर मतपत्रिका उघडी ठेवून बसले आहे. इथे अमेरिकेत प्रायमरी आहे, मुख्य निवडणुकीच्या आधीची. उमेदवार तर निवडायचेच, शिवाय राज्याचे ठराव, प्रत्येकावर 'हो' की 'नाही' ते सांगायचं. सोबतच्या पुस्तिकेतलं एकेक वाक्य संपता संपत नाही. वाचता वाचता डोळे जड होतात आणि मी बहारीनला, गुदैबियातल्या आपल्या स्वयंपाकघरात पोचते. खिडकीतला एसी घुमतोय, धुळीनं बाहेरचं ऊन चहाच्या रंगाचं झालंय, आणि तू पोळ्या लाटता लाटता मंडळाचा ठराव मोठ्यानं वाचतेयस.

आपल्या मराठी मंडळात तेव्हा एका घराला एकच मत असायचं. ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मिळावं, असा तो ठराव. तू सलमानियाच्या इस्पितळात नर्स, शिफ्ट करून यायचीस, गणपतीत अख्ख्या मंडळाचं रांधायचीस, पण मताला मात्र बाबा. "अहो, शुक्रवारी हात वर करायचा हं," तू म्हणालीस. बाबा पेपरच्या आडून म्हणाले, "बघू." त्या 'बघू'चा राग मला आला, तुला नाही. अध्यक्षकाकांनीच बाबांना नोकरी लावली होती, व्हिसा त्यांच्या शब्दावर आलेला, आणि काका ठरावाच्या विरुद्ध. तुला सगळं कळत होतं. तरी तू मंडळाचे नियम मागवून घेतलेस आणि रोज थोडे थोडे वाचत राहिलीस. "व्हाय, आई?" मी माझ्या शाळेच्या भाषेत विचारलं. तू म्हणालीस, "ज्यावर भांडायचं, ते आधी नीट वाचावं गं."

मग तो शुक्रवार. शाळेचा हॉल, खुर्च्यांवर पुरुष, मागे चहाच्या भांड्यांशी बायका. काका विचारतात, "ठरावाच्या बाजूनं कोण?" इकडेतिकडे काही हात वर जातात. बाबांचे मांडीवरच. तू कपांचा ट्रे माझ्याकडे देतेस, पदराला हात पुसतेस, सावकाश चालत बाबांच्या खुर्चीपाशी जातेस आणि हात वर करतेस.

"वहिनी, मतदान चाललंय," काका हसून म्हणतात.

"नियमात मत घराचं आहे," तू म्हणतेस. "घरातल्या कुणी द्यायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या घराचं मत मी देतेय."

काका बाबांकडे बघतात. बाबा जमिनीकडे. मी ट्रे खाली ठेवून देते. आता नोकरी गेली, खलास, आपण परत गावी, एवढंच माझ्या डोक्यात. मग बाबा उभे राहतात. "हो. आमच्या घराचं मत तिचंच." तेवढे बाबा मला पुन्हा कधीच आवडले नाहीत.

ठराव पडला. काका बरेच दिवस बाबांशी बोलले नाहीत, नोकरी मात्र टिकली. घरी येताना बाबांनी तुला एवढंच विचारलं, "तू चहा तरी घेतलास का?"

आणि ही माझ्या एकटीच्या नावाची मतपत्रिका. ह्यांनी त्यांची सकाळीच भरून ठेवली. शेवटचा ठराव पाण्याच्या कसल्याशा कराचा. दोनदा वाचला, डोक्यात शिरेना, कंटाळा आला. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तिथं मी ह्यांचं बघून खूण केली, आई.