कोणत्या पिक्चरचं?

११ डिसेंबर १९६६, रविवार

भुरी गेली. सकाळी मेहुणा डोणगावहून बैलगाडी घेऊन आला आणि तिला मागे बांधून घेऊन गेला. तिचं पिल्लू, वगार, गाडीत. लग्नात माझ्या बायकोबरोबर, कोकिळाबरोबर आलेली म्हैस, आता एकटीच माहेरी परत.

भाद्रपदात कोकिळा तापाने गेली तेव्हापासून भुरी दूध चोरते. वगार लावली की पान्हा सोडते, आई बादली घेऊन बसली की आटवते. ढेप घातली, सरकी घातली. कोणीतरी सांगितलं म्हणून आई कोकिळाचं लुगडं नेसून धारेला बसली — लाथ! बादली एकीकडे, आई एकीकडे. शेवटी आई म्हणाली, "तिच्या मायकडे धाडून दे. मुकं जनावर इतकं मनाले लावून घेते, अन् तू?"

आज मी दारात उभा होतो. गाडी वळणापर्यंत दिसली. मग तोंड धुतलं, चहा घेतला, दुकानात गेलो.

१३ डिसेंबर

दिवसभर लुगडी उलगडली, परत घड्या घातल्या. लग्नसराईचे बस्ते. काही वाटलं नाही.

१४ डिसेंबर

आजही.

१८ डिसेंबर, रविवार

रंगरावच्या दुकानात तालीम. रंगराव शिवणकाम करतो, ट्रम्पेट वाजवतो आणि बँडचा कारभार त्याच्याकडे. मी कापड फाडायचं, त्याने शिवायचं, आणि त्याच लग्नात दोघांनी मिळून वाजवायचं! हिंमतराव ढोलावर. बाकी झांजवाला, खुळखुळावाला — आज हे, उद्या ते. आमचा बँड हौशी. जेवण आणि एस. टी. चं भाडं मिळालं की मंडळी खूश. गावातले लोक तरी 'बाजावाले' म्हणतातच.

रंगरावने हॉटेलात रेडिओपाशी बसून नवं गाणं उतरवून आणलं होतं. आम्ही सगळे तेच करतो. सिलोन लागलं की हातातलं काम टाकून धावायचं, अर्धं गाणं ऐकायचं, अर्धं अंदाजाने बसवायचं. लोकांना चालतं. ओळखीचं वाटलं की लोक नाचतात.

आज मी म्हणालो, माझ्याकडे एक चाल आहे.

"कोणत्या पिक्चरची?"

माझी.

रंगरावने कात्री खाली ठेवली. "तुही? तुही चाल कोन ऐकते बे? वऱ्हाडी मंडळी काय तुह्यासाठी येते का?"

हिंमतराव तर खो खो हसला. मी क्लॅरिनेटची पत्ती ओली करत बसलो. वाजवून दाखवलं नाही.

१९ डिसेंबर

चाल कशी आली ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार!

भुरी गेली त्याच आठवड्यात. पहाटे अर्धवट जाग आली. भिंतीपलीकडचा गोठा रिकामा, कसलाच आवाज नाही. त्या रिकामपणात चाल डोक्यात होती. आली असं नाही, होतीच. मी नुसती क्लॅरिनेटवर धरली. दोन ओळी वर चढतात, तिसरी मध्येच थांबते, जणू कोणी श्वास घेतोय, आणि मग खाली उतरते.

आई शेजारी भाकरी थापत होती. तिला कानाने कमी येतं. म्हणाली, सकाळी सकाळी काय पिपाणी लावली?

कोकिळासाठी केली असं म्हणवत नाही. तसं काही मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. पण ती गेल्यावरच सुचली एवढं खरं.

२ जानेवारी १९६७, सोमवार

आज गावातल्याच लग्नात वाजवली. रंगराव नाही नाही म्हणत होता. शेवटी म्हणाला, "एकदा वाजव अन् मोकळा हो."

वरात चौकात आली. आधीच्या गाण्यावर पोरं घामाघूम झालेली. मी चाल सुरू केली. पहिली ओळ होईपर्यंत नाचले. मग एकेक जण उभा राहिला, बसची वाट बघत असल्यासारखा. नवरदेवाचा मामा घोड्यापाशी होता, तो पुढे आला.

"हे कोणत्या पिक्चरचं हाय?"

माझं आहे, म्हणालो.

"मोतीरामचं पिक्चर! हिरो कोन, तूच का?" सगळी वरात हसली. "लग्नात फालतू वाजवू नका बे. चांगलं वाजवा."

रंगरावने लगेच नेहमीचं उचललं. मीही वाजवलं. बोटं आपोआप चालतात. जेवणात बुंदी होती. दोनदा घेतली.

३ जानेवारी

अपमान झाला असं हिंमतराव म्हणतो. झाला असेल.

८ जानेवारी, रविवार

दुकानात डोणगावचे लोक बस्ता बांधायला आले होते. माघात लग्न आहे, बँड आमचाच सांगितला. ओळख निघाली. एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हे सुभद्राबाईचे जवाई."

पुढचं तो बोलला नाही पण मला माहीत आहे. दहाव्याच्या दिवशी नदीवर सासूबाई बायकांमध्ये बोलल्या होत्या, मला ऐकू जाईल अशा बेताने — "जवाईबापूच्या डोळ्याले पानी नाई. माह्या पोरीच्या पदरात दगड पडला." सगळ्या डोणगावाने ऐकलं.

खोटं नव्हतं ते. मी तेव्हा नदीतल्या म्हशी बघत होतो. तेव्हापासून सासूबाईंच्या दारात गेलो नाही.

त्यांना नऊवारी लुगड्यांचे रंग दाखवले. हिरवं घेतलं त्यांनी.

१५ जानेवारी

पौष लागला. लग्नं नाहीत. क्लॅरिनेट खुंटीला.

२९ जानेवारी

आई म्हणते, दुसरं लग्न कर. मी बरं म्हणालो. आई म्हणाली, "बरं काय बरं? हाव म्हन नाई तं नाई म्हन! भांड तरी!" आणि स्वतःच रडायला लागली. मी पाणी आणून दिलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

काय माणूस आहे हा रंगराव!

माघातलं पहिलं लग्न. वरात रंगात आली आणि याने ट्रम्पेट खाली घेतला, ओट्यावर चढला आणि ओरडला, "आता ऐका मंडळी, नव्या कोऱ्या पिक्चरचं! मलकापूरलेही नाई लागलं अजून!" आणि मला डोळा मारला. "मोत्या, तुही चाल. चाल लवकर!"

मी पत्ती ओठात धरली. वाजवायला लागलो.

नाचले! तीच चाल, तीच बोटं, पत्तीसुद्धा तीच. वन्समोअर झाला. परत वन्समोअर. लोक विचारायला आले, पिक्चरचं नाव काय? रंगराव गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "कंपनीनं सांगाले मनाई केली हाय."

परतताना एस. टी. त मी म्हणालो, हे खोटं आहे.

"मंग? तुही चाल वाजली का नाई? नावाले काय चाटतं? लोकायले ओळखीचं लागते. नाई ओळखीचं, तं करून टाकलं ओळखीचं!"

१५ फेब्रुवारी

दुकानात एक गिऱ्हाईक चाल गुणगुणत होतं. कोणतं गाणं म्हणून विचारलं. म्हणाला, नव्या पिक्चरचं. त्याच्या जोडीदाराने तर ते पिक्चर पाहिलेलं निघालं! "मलकापूरले पाह्यलं म्या. हिरो नदीत उभा राहून म्हनते. हिरोइन मरते शेवटी."

मी कापड फाडताना थांबलो. विचारलं, कशी मरते?

"तापानं," म्हणाला.

मापात चूक झाली माझी. मालक ओरडले. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं, म्हणून लिहितो. बस तेवढंच. घरी आलो तोवर पुन्हा पहिल्यासारखाच.

१९ फेब्रुवारी, रविवार

तालीम. गुरुवारी डोणगाव. मी रंगरावला सांगितलं, तिथे खरं सांगायचं. मोतीरामची चाल आहे म्हणायचं. नाहीतर मी येत नाही.

"काऊन? तिथंच काऊन?"

मग सांगितलं. सासूबाईंना वाटतं मी दगड आहे. रडून दाखवता येत नाही, आणि आता काय, उशीर झाला. पण ती गेल्यावर माझ्या हातून ही एक गोष्ट झाली. दुसरं काहीच झालं नाही. ती पिक्चरची म्हणून त्यांच्या दारावरून गेली तर माझ्याकडे काय उरलं? एवढं तरी माझं आहे असं त्यांना कळू दे.

एका दमात एवढं बोललो! हिंमतरावही हसला नाही. रंगरावने ट्रम्पेट पुसून खाली ठेवला.

"वरात बंद पडली तं?"

पडू दे.

"बरं," तो म्हणाला. "पन सुभद्राबाईच्या घरापुढं बाजा बंद ठेवा लागते, वरीस नाई झालं पोरीले. तिच्या दारात नाई वाजवायचं, वेशीपाशी वाजव. तिथून ऐकू जाईन."

ते बरोबर आहे. दुखवट्याच्या घरापुढून वाजवत जायचं नसतं. आम्ही सगळीकडे पाळतो.

२२ फेब्रुवारी

पत्ती बदलली. आईने विचारलं, सासरी काय नेतोस? काही नाही, म्हणालो. तिने गुळाची ढेप बांधून दिली.

२३ फेब्रुवारी, गुरुवार, डोणगाव

शाळेत मुक्काम आहे. बाकीचे पंगतीला गेले. मी जेवलो नाही. क्रमाने लिहितो, नाहीतर माझं मलाच कळणार नाही.

दिवस मावळायच्या सुमारास वरात निघाली. वेशीपाशी रंगराव चढला पारावर. शब्दाला जागला. "मंडळी, आता जे वाजन ते आमच्या मोतीरामभाऊनं सोता बसवलं हाय! तुमच्या गावचे जवाई!"

मी सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीलाच मागून एकजण ओरडला, "खोटं बोलते बे! हे तं पिक्चरचं हाय! मेहकरले सबन बाजावाले वाजवून राह्यले!"

"लोकाचं गानं आपल्या नावावर खपवते!"

रंगराव शपथा घ्यायला लागला. जितक्या शपथा तितके लोक हसले. त्यानेच पेरलेलं खोटं, आता त्यालाच उपटता येईना! शेवटी नवऱ्याचा बाप म्हणाला, कोनाचं का असंना, वाजवा. आणि वाजवलं आम्ही. मस्त नाचले. पिक्चरचं म्हणून.

पुढे सासूबाईंची गल्ली आली. रंगरावने हात वर केला, ढोल थांबला, झांजा थांबल्या. मंडळी गुपचूप चालायला लागली. घराचं दार अर्धं लोटलेलं. उंबऱ्यात कोणी नव्हतं.

मला थांबता आलं नाही. म्हणजे मी काही ठरवलं नव्हतं. ओठात क्लॅरिनेट होतं आणि ते वाजत होतं. एकटं. गल्लीत दुसरा आवाजच नव्हता. रंगराव दंडाला धरून ओढत होता. बायका म्हणत होत्या, "अगं बाई, दुखवट्याच्या दारात वाजवते! सासूच्या दारात!" मी पूर्ण चाल वाजवली. वर चढणाऱ्या दोन्ही ओळी, ती थांबणारी, ती उतरणारी. दार उघडलं नाही.

रंगराव आता बोलत नाहीये माझ्याशी. मघाशी मेहुणा येऊन गेला. आत आला नाही, बाहेरूनच म्हणाला, "मायनं सांगतलं, सकाळी घरी येऊन जा." चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

जे व्हायचं ते होईल. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. नावही गेलं आणि रीतही मोडली. वाईट वाटायला हवं. उद्या वाटेल कदाचित.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाई रागावल्या नाहीत. मला सरळ गोठ्यात घेऊन गेल्या.

"काल तुमचा बाजा आला तवा म्या धारेले बसली होती. इथं आल्यापासून भुरी कोनाले पान्हवली नाई. ढोल वाजत होता तवा थेंब नाई. ढोल थांबला, तुमचं एकट्याचं वाजलं, अन् तिनं पान्हा सोडला जवाईबापू, बादली भरली! कोकी धारेले बसली का हेच गुनगुने. परकरात होती तवापासून, तिचं तिनंच जुळवलं होतं. तुमाले कवा शिकवलं तिनं?"

रोज पहाटे, म्हणालो. भिंतीपलीकडून. मी झोपेत असायचो.

आणि तिथेच शेणात बसून रडलो. मोठ्याने. सासूबाईंनी थांबवलं नाही.