अक्रोड कसा पडला

९ मार्च, सोमवार
दुपार, भांडी तशीच पडली आहेत

धाकट्यास,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तुम्ही बरे असालच, वहिनीला विचारलंय म्हणून सांग. झालं. आता मुद्द्याचं.

चार ओळी! अरे, वर्षानं पत्र टाकतोस आणि चार ओळी? त्यातली एक तारखेची, एक सहीची. मधे काय, तर ‘अक्रोड पडला असं कळलं. कसा पडला ते कळव.’ पोलीस ठाण्यातून नोटीस यावी तसं! माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझी अर्धी ओळ आली नाही, झाडाला मात्र दोन. आणि तुला सांगितलं कोणी, तर मधवाल्यानं. त्याच्या माश्या त्याच्यापेक्षा कमी गुणगुणतात. परत येऊ दे मध विकायला, बघते.

मी चौथी शिकलेली बाई. एक पान लिहायचं तर माझी बोटं आखडतात. तरी बसले आहे. कसा पडला ते कळवते.

आपली झाडी तुझ्या डोक्यात आहे तशी आता नाही. दीड एकर तेवढंच आहे, पण लाडावलेल्या पोरांसारखी झाडं माजली होती. एक दुसऱ्याच्या डोक्यावर. खाली भर दुपारी अंधार, ओढ्याकडची पायवाट गिळून टाकलेली. गेल्या वादळात एक वाळकं खोड शेजारच्या म्हातारीच्या कुंपणावर कोसळलं आणि तिच्या कोंबड्या चार दिवस गावभर पाहुणचार घेत हिंडल्या. तिनं तोंड सोडलं, मी ऐकून घेतलं. मी ऐकून घेतलं म्हणजे चूक आमचीच होती हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

मग लाकूडतोड्यांना बोलावलं. वाळकी, किडकी, वाकडी काढायची, चांगली ठेवायची. त्यांचा मुकादम फोनवर म्हणाला, "बाई, झाडांवर खुणा तेवढ्या करून ठेवा, आम्ही आलो की कामाला लागतो."

खुणा म्हणजे काय ते आपल्या घरात कोणी विचारत नाही. बाबांनी घालून दिलेलं: चुन्याचा पांढरा पट्टा ज्याला, त्याला हात लावायचा नाही. मी नऊ झाडं निवडली. तुझे भावजी बादली धरून मागे, मी ब्रश घेऊन पुढे. प्रत्येक झाडापाशी ह्यांचं, "हे नक्की ना?" नवव्या झाडाला मी ब्रश ह्यांच्याच शर्टाला पुसला. अक्रोडाला पट्टा सगळ्यात जाड काढला होता, हे लिहून ठेव.

दुसऱ्या दिवशी ते चौघं आले. मी म्हटलं, खुणा केल्यात, लागा कामाला. आणि आत चहा टाकला. मशीनचा आवाज येत होता, मला वाटलं, चला, निघतायत वाळकी. चहाचा ट्रे घेऊन गेले तर ओढ्याकाठची तुती आडवी. पट्ट्यासकट. तिच्या पलीकडे तो सरळसोट चिनार, तोही आडवा.

"अहो, हे काय केलंत?"

मुकादम म्हणाला, "पांढरा पट्टा म्हणजे पाडायचं, बाई. सगळीकडे तसंच असतं."

"सगळीकडे असेल. आमच्यात पांढरा पट्टा म्हणजे खबरदार!"

"मग तसं सांगायचं."

"आता सगळ्या जगाला मी काय काय सांगत बसू?"

तेवढ्यात तिकडे त्याच्या माणसानं अक्रोडाला मशीन लावलं. मी ओरडले, पण त्या आवाजात कोणाला काय ऐकू येतंय? गेला. असा पडला. कळवलं.

आता बाकीचं ऐक, कारण बाकीचं सगळं छान आहे. उरलेली सहा पट्टेवाली उभी आहेत. वाळकी निघाली. पायवाट मोकळी झाली, ओढ्यापर्यंत चप्पल घालून जाता येतं. आणि उजेड! धाकट्या, असा उजेड मी त्या झाडीत जन्मात पाहिला नव्हता. अक्रोडाखाली कधी गवताची काडी उगवली नाही, त्याचा तो स्वभावच, पण त्याच्या सावलीच्या कडेनं आता निळी फुलं आली आहेत, नखाएवढी, इतकी की पाय कुठे ठेवू. ती जमिनीत इतकी वर्षं काय करत होती कोण जाणे. सुतारपक्ष्यानं घर बदललं, आता सकाळी आमच्याच खिडकीशी ठोकतो. तुझे भावजी मला म्हणतात, "तुझ्यापेक्षा लवकर उठवणारा कोणीतरी भेटला."

शेजारच्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन जायला लागलं. खूश होईल की नाही? नाही. उजेडात तिला स्वतःची जळमटं दिसली. तोही माझाच गुन्हा. काल दोघींनी मिळून काढली, जाताना बरणीभर लोणचं दिलं तिनं, वर म्हणाली, "तोंड बंद राहील तुझं तेवढा वेळ."

शाळेच्या बाईंनी वर्ग आणला होता, अक्रोडाच्या खोडातली वर्तुळं मोजायला. अर्धी पोरं चाळीस म्हणत होती, अर्धी बेचाळीस, हाणामारीवर आली. मी म्हटलं, एक्केचाळीस, मला विचारा, तो लावला तेव्हा मी इथे उभी होते. बाई म्हणाल्या, इथे बघा, ही दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती, पण रेघा तर जाड आहेत, कोणीतरी पाणी घातलंय. कोणी घातलं ते मी काही बोलले नाही. ओढ्यापासून तिथवर दिवसाला सहा घागरी. तू पाळण्यातून उतरला होतास नुकता.

खोड विकलेलं नाही. शेडमध्ये ठेवलं आहे, टोकांना मेण लावून, म्हणजे तडकत नाही. तुझं आहे.

आत्ता तुझे भावजी मागून आले आणि खांद्यावरून वाचून गेले. म्हणाले, "मशीनचा आवाज?" बस, एवढंच. आणि तिकडे जाऊन वर्तमानपत्र उलटं धरून बसले आहेत.

बरं.

मशीन बंद होतं. त्या माणसानं नुसतं टेकवलं होतं. तो वर फांद्यांकडे बघत होता, कुठल्या बाजूला पाडावा म्हणून. मशीन सुरू करायची दोरी ओढायची बाकी होती. मी दहा पावलांवर होते. ‘थांब’ म्हटलं असतं तर थांबला असता, माझा आवाज तुला माहीत आहे.

मी ट्रे ओंडक्यावर ठेवला. मग कप खाली उतरवले. एकेक करून. पाच कप होते, पाचवा माझा. पाचवा ठेवला तेव्हा त्यानं दोरी ओढली. मग ओरडले मी. हो, ओरडले, खूप ओरडले.

का, ते विचारशील. मलाच नीट माहीत नाही, पण लिहून बघते. तू झालास त्या आठवड्यात बाबांनी ते रोप आणलं. मुलगा झाला की झाडीत झाड लावायचं, त्यांच्यासाठी त्यांच्या बाबांनी लावलं होतं तसं. मी विचारलं, माझं कुठलं? बाबा हसले. वाईट नाही हसले, तुला माहीत आहेत ते. म्हणाले, "तुला कशाला, तू काय इथे राहणार आहेस?" त्याच वर्षी माझी शाळा सुटली, तुला सांभाळायला. आणि बघ गंमत! तू अठराव्या वर्षी बॅग उचललीस, आणि मी इथेच. नवरा केला तर तोही चालत इथे राहायला आला. एक्केचाळीस वर्षं तुझ्या झाडाखालून जळण आणलं. त्याचा राग येतो हे मला त्या पाच कपांपर्यंत ठाऊकच नव्हतं. खरंच सांगते. लाडकंही होतं ते माझं. दोन्ही एकदम असू शकतं हे शिकायला पन्नास वर्षं लागली, चौथीत शिकवलं नव्हतं.

चुकलं माझं. हे एकदाच लिहिते. पुन्हा वाचावंसं वाटलं तर पत्र जपून ठेव, दुसरी प्रत मिळणार नाही.

आता काम. रोपवाटिकेवाल्या बाईकडे जर्दाळूचं एक रोप आहे, माझ्या कमरेएवढं, सरळ, चेहरा हसरा. मी तिला सांगितलं, ठेव. पडलेल्या जागेपासून वीस पावलं ओढ्याकडे, जिथे ते निळं सगळं उगवलंय, तिथे ऊन सकाळपासून असतं. मला ते तिथे लावायचं आहे. माझं म्हणून. म्हातारीसाठी नाही, पोरांसाठी नाही, जळणासाठी तर नाहीच. मी त्याची फळं खाईपर्यंत गुडघे टिकतील की नाही माहीत नाही, पण फुलं तरी बघेन.

कागदावर झाडी तुझी आहे. बाबांनी तशी केली, मी तेव्हा काही बोलले नाही. न विचारता लावलं असतं तरी तुला दहा वर्षं पत्ता लागला नसता, मधवाल्याचं तोंड मी मधानंच बंद केलं असतं. पण एकदा गप्प राहून काय झालं ते वर लिहिलं आहे.

रोप ती शनिवारी दुपारपर्यंतच ठेवणार, तेव्हा तुझं उत्तर शुक्रवारच्या टपालात हवं. फोन नको, फोनवर तू नुसतं हं हं करतोस. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही, आणि रागावला असशील तर तेही लिही, पण चार ओळींत नाही. खड्डा मी खणायला घेतलेला नाही. शुक्रवारपर्यंत घेणारही नाही.

वाट बघते आहे,

ताई