आतड्यातला रिसेप्टर आणि वरच्या मजल्यावरची नणंद

३ फेब्रुवारी
हे कुणी वाचायचं नाही. म्हणून खरं लिहिते: मी बरोबर आहे. आतड्याच्या कॅन्सरमागे एकच गुन्हेगार, पेशींवर बसलेला रिसेप्टर. जंतू दिसला की हा बोंब ठोकतो, सूज येते, सूज मुरली की गाठ. जन्मापासून हा रिसेप्टरच नसलेले उंदीर मागवलेत. त्यांना गाठी कमी होणार. विषय संपला.

नणंदेला वाटतं, नाही संपला. तिची लॅब वरच्या मजल्यावर. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, वहिनी, आतड्याचं अस्तर दुरुस्त करायचा निरोपही तोच रिसेप्टर देतो, तो काढल्यावर जखम भरायची कशी? वहिनी! तिथे मी मॅडम आहे.

९ फेब्रुवारी
साधे उंदीर आणि बिनरिसेप्टरचे, दोन्ही गटांना गाठी आणणारं रसायन सुरू. निश्चय: निकाल लागेपर्यंत नणंदेशी अबोला.
संध्याकाळी ती घरी आली. बोलावं लागलं. नवऱ्याला विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूचा? म्हणाला, मी बँकेत आहे.

२ मार्च
बिनरिसेप्टरच्यांचं वजन उतरतंय. चपळ होत असतील.

१० मार्च
त्यांना रक्त पडतंय. खाद्य खराब. पुरवठादाराला फोनवर झापलं. म्हणाला, मॅडम, साधे उंदीरही तेच खातात ना? उद्धट. पुरवठादार बदलणार.

१८ मार्च, दुपारी
नणंद खाली आली. दोन गट वेगळ्या पिंजऱ्यांत, म्हणजे आतड्यातले जंतूही वेगळे झाले असतील. काही उंदीर एकत्र ठेवून बघा, म्हणजे दोष जंतूंचा की रिसेप्टर नसल्याचा ते कळेल, म्हणाली. फार गोड आवाजात. डाव ओळखला. म्हटलं, माझे उंदीर ऊठसूट कुणाच्याही घरात घुसत नाहीत. गेली.
नंतर काही उंदीर एकत्र केले. कल्पना माझीच. तिने फक्त आधी बोलून दाखवली.

६ एप्रिल
जेवताना जुंपली. म्हटलं, तुला भावाचं घरही हवं आणि माझा शोधही हवा. ती भरल्या ताटावरून उठली. नवरा माझ्याकडे न बघता तिला सोडायला गेला. मी दोघांच्याही वाटचं खाल्लं. जिंकलं की भूक लागते.

२३ एप्रिल
आतडी उघडली. साध्यांत तुरळक गाठी. बिनरिसेप्टरच्यांत मोजता मोजता डोळे दुखले. एकत्र राहिलेल्यांतही साध्यांना कमी, बिनरिसेप्टरच्यांना जास्त, म्हणजे दोष जंतूंचा नाही. असिस्टंटला विचारलं, लेबलं उलटी लावलीस का? त्याने जनुक तपासून दाखवले. लेबलं बरोबर. पुन्हा तपासायला लावले. पुन्हा बरोबर. मुद्दाम करतोय.

५ मे
डायरेक्टरना सांगितलं, मला पहिल्यापासून शंका होतीच. त्यांनी माझीच जुनी स्लाइड उघडली: 'गाठी कमी होणार'. प्रोजेक्ट बंद. खोली वरच्या लॅबला.
निश्चय: राजीनामा. उद्या. उद्या नको, डोकं दुखतंय.

१४ मे
नणंद पेपर लिहून घेऊन आली. तुमच्या उंदरांशिवाय हा उभाच राहत नाही, म्हणाली. पहिलं नाव तुमचं टाकू का, विचारलं. आवाजात कुजकेपणा शोधला. सापडला नाही. फार खोल लपवलाय.
शेवटचं वाक्य: हा रिसेप्टर कॅन्सरपासून संरक्षण करतो. मी लाल पेनने 'निदान उंदरांत' असं घुसवलं आणि भांडायला सरसावून बसले. ती म्हणाली, बरोबर आहे वहिनी, हे राहूनच गेलं होतं.
मग काही उरलंच नाही. सही केली.