बुटापाशी उजवीकडे

३ मार्च, रविवार
शहराचा उरलेला भाग आज पाहून संपवला. आता इथं नवीन काही राहिलं नाही. माझ्यासारख्याला हे शहर अपुरंच पडतं. पुढच्या वर्षी बंदरावरून बोट पकडायची आणि पलीकडे. ठरलं.

रस्ता एकदाच लिहून ठेवतो. आमच्या कोपऱ्यावर छत्री. म्हणजे भिंतीवर रंगवलेली जुनी जाहिरात. छत्रीचा दांडा ज्या बाजूला, त्या गल्लीत आमची खोली. छत्रीपासून सरळ गेलं की सिंह. चहाच्या डब्यावर बसलाय, रंग उडून मांजर झालाय. शेपटीच्या बाजूला वळलं की मिशीवाला, हातात तेलाची बाटली. त्याचं बोट जिकडे, तिकडे बाग. बागेच्या पुढे भलामोठा बूट. बुटापाशी उजवीकडे वळलं की नदीचा पूल. झालं शहर.

पाट्या मी वाचत नाही. इथली अक्षरं म्हणजे गांडुळं सोडल्यासारखी. आपलीच अक्षरं शिकायला मला चार वर्षं आणि दोन मास्तर लागले. चित्राला शाळा लागत नाही.

तरी संकल्प: इथली रोज पाच अक्षरं शिकणे. उद्यापासून.

५ मार्च, मंगळवार
खालच्या दुकानात दादाचा फोन आला. आईला घेऊन तेवीस तारखेला येतोय. म्हणाला, तुझं तिथं काय चाललंय ते डोळ्यांनी बघतो. बस्तान बसलं असेल तर राहा, नसेल तर गुपचूप दुकानात येऊन बस. दुकान म्हणजे दादाचं सायकल दुरुस्तीचं. त्या ग्रीसला कंटाळूनच तर मी निघालो. नखांतून जायला वर्ष लागलं.

परतीची तीन तिकिटं काढलीत म्हणे. माणसं दोन, तिकिटं तीन. दादा हिशेबात पहिल्यापासून कच्चा.

वकील म्हणाला, अरे शहाण्या, तिसरं तुझं. (वकील माझा खोलीतला सोबती. बाजारात पोती उचलतो. पण आज सूर्य उगवला म्हटलं तरी पुरावा मागतो, म्हणून वकील.)

असं आहे तर. मग नकार तयार ठेवला पाहिजे. दादा हात धरेल, आई डोळ्याला पदर लावेल, मी शांतपणे म्हणेन, दादा, हे शहर आता मला सोडणार नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. वकील म्हणाला, शहराला विचारलंस का?

आईचा आवाज फार बारीक येत होता. लाइन खराब असणार.

८ मार्च, शुक्रवार
बढती! आजवर रंगाऱ्यांची शिडी धरत होतो, आज मुकादमाने हातात ब्रश दिला. वरून हुकूम आलाय, मोठ्या रस्त्यांवरच्या सगळ्या भिंती एका रंगात. बिस्किटी. जुनं काही दिसता कामा नये. सुरुवात बुटापासून. आधी खरवडला, मग अस्तर, मग दोन हात. आता तिथं बूट होता असं शपथेवर सांगितलं तरी कोणी मानणार नाही. मुकादम म्हणाला, बरं आहे. त्याचं बरं म्हणजे दुसऱ्याची वाहवा.

अक्षरं: हात रंगाचे असल्याने पुस्तक धरता आलं नाही.

११ मार्च, सोमवार
चोवीस तारखेचा कार्यक्रम पक्का. बाग, मग पूल, पुलावर वारा खाणे, परत. मीच आईला फोन केला. म्हटलं, आई, डोळे झाकून शहर फिरवतो तुला. ती म्हणाली, डोळे उघडे ठेव धाकट्या, गाड्या असतात.

वकील म्हणाला, नकाशा आण. नकाशा नवख्यांना लागतो. त्याला काय कळतंय. संध्याकाळ झाली की शेजारपाजारच्यांच्या सायकली उलट्या करून बसतो. आवडीने! अशा माणसाचं पुढे काही होणं कठीण.

१४ मार्च, गुरुवार
मिशीवाला झाला. डावी मिशी फार चिवट, तिसरा हात द्यावा लागला. टिपून काढली.

घरी मुद्दाम लांबून आलो. पाय मोकळे होतात. वाटेत सरकारी दवाखान्यापाशी वकील योगायोगाने भेटला, सायकलवर. घामाघूम. म्हणाला, दोन तास शोधतोय. मी विचारलं, कोणाला? त्याने सायकल वळवली. मागे बस म्हणाला.

१९ मार्च, मंगळवार
सिंह. शेपटीपासून सुरुवात केली. तोंडाशी आलो तेव्हा ब्रश जरा थांबला. खालून मुकादम ओरडला, दर्शन घेतोयस का? मग ओढला एक हात. सिंह गेला.

परतताना पुन्हा वकील योगायोगाने भेटला. हल्ली फारच भेटतो.

अक्षरं: एक शिकलो. कामावरच्या संडासाच्या दारावरचं. पुरुषांचं आहे. बहुतेक.

२३ मार्च, शनिवार
आई आणि दादा आले. आई वाळली आहे, की मीच फार दिवसांनी बघतोय. आल्या आल्या तिने माझा टॉवेल हुंगला आणि न विचारता धुवायला घेतला. मी म्हटलं, अगं बस जरा. ती म्हणाली, बसूनच आले दीड दिवस.

दादाला मी कामाचं सांगायला लागलो, तेवढ्यात त्याला वकिलाची उलटी सायकल दिसली. मग दोघे जण चेनबद्दल बोलत बसले. दादा म्हणाला, ही चाकं कोणी सरळ केली? वकील म्हणाला, मी. दादा म्हणाला, हात आहे तुला. मला एवढ्या वर्षांत तो एकदाही असं म्हणाला नव्हता. ग्रीसवाल्यांचं आपसात जमतं.

तिकिटं दादाच्या वरच्या खिशात आहेत. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

२४ मार्च, रविवार
सहल छान झाली.

छत्रीपासून सरळ गेलो, तिथवर काही प्रश्नच नव्हता. पुढे सगळं बिस्किटी. इतकं एकसारखं काम झालंय की मीच बघत राहिलो. दादाने विचारलं, आता कुठे? मी म्हटलं, असंच. असंच चार वेळा झालं. मग त्याने विचारलं, बाग? मी म्हटलं, रविवारी बंद. पूल? दुरुस्तीला काढलाय. दादा म्हणाला, अख्खं शहरच रजेवर दिसतंय.

आईला मात्र भिंती आवडल्या. किती स्वच्छ आहे रे, कोणी रंगवली? म्हटलं, मी. आणि ही? तीही मीच. समोरची? आई, इथल्या सगळ्या माझ्याच. ती थांबली, भिंतीवर तळवा फिरवला, उलटा करून पाहिला. म्हणाली, रंग पक्का आहे हो. मग प्रत्येक भिंतीपाशी थांबून हात लावायला लागली. ऊन वाढत होतं. मी अडवलं नाही.

एका वळणावर एक न्हावी होता. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा त्याने दादासाठी खुर्ची झटकली. दादानेही दाढी करून घेतली. म्हणाला, काहीतरी बघितल्यासारखं होईल.

तेवढ्यात वकील योगायोगाने आला. आईला मागे बसवलं तर चेन उतरली. दादा आणि तो दोघेही खाली बसले, एकाने चाक उचललं, दुसऱ्याने चेन चढवली. दोन मिनिटांत खोली आली. आम्ही पलीकडच्याच गल्लीत होतो.

म्हणजे रस्ता तसा बरोबरच होता.

२५ मार्च, सोमवार
बस संध्याकाळची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून धुतलेला शर्ट घालून गेलो. नकार तोंडपाठ. वकील आईची पिशवी उचलायला सोबत होता.

दादाने खिशातून तिकिटं काढली. मी घसा साफ केला.

आई म्हणाली, नको रे, याला नको न्यायला. एवढं शहर अंगावर घेतलंय माझ्या पोराने. भिंत न् भिंत याची. ती सोडून तो पंक्चर काढायला का येईल? दादाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काल काय झालं ते त्याला कळलं होतं असं मला वाटतं. त्याने विचारलं, काय, बसलंय ना बस्तान?

मी म्हटलं, एकदम.

खरं तर हे उत्तर नकाराच्या नंतरचं होतं. क्रम चुकला.

मग दादा वकिलाकडे वळला. म्हणाला, तिकीट वाया जातंय, दुकानाला हात हवाय, येतोस? वकील आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता हो म्हणाला. पळत खोलीवर जाऊन बोचकं घेऊन आलासुद्धा. आई त्याला म्हणाली, बाळा, खिडकीशी तू बस. माझ्या पाठीवरून हात फिरवला, वेळेवर जेव म्हणाली, बस सुटली.

मी नाहीच म्हणालो असतो. पण एकदा विचारायला काय जात होतं?

२६ मार्च, मंगळवार
खोली मोठी झाली. बरं वाटतं. रात्री कोणी पुरावे मागत नाही. भाडं आता पूर्ण माझ्यावर, म्हणून बोट सध्या पुढे ढकलली. टॉवेलला साबणाचा वास येतोय, आणखी दोन दिवस तो धुवायचा नाही.

अक्षरं: उद्यापासून, नक्की.

२७ मार्च, बुधवार
आज शेवटची भिंत. छत्री. मुकादम म्हणाला, तुझ्या घराजवळची आहे, तूच कर, मग इथूनच घरी जा. मनापासून केली. अस्तर, दोन हात, कडा ब्रशने. ऊन चांगलं होतं, झटकन वाळली. मुकादम म्हणाला, छान. बरं नव्हे, छान! मग सगळे टेम्पोत बसून गेले.

भिंतीखाली बसून लिहितोय. समोर तीन गल्ल्या आहेत, तिन्ही बिस्किटी. वहीचं पहिलं पान काढून पाहिलं. दांडा ज्या बाजूला, त्या गल्लीत खोली, असं स्पष्ट लिहिलंय. वर पाहिलं. काम एकदम पक्कं झालंय, डागसुद्धा नाही.

घाई नाही. वकील योगायोगाने भेटायचा तो साधारण याच वेळेला.