परत येण्याचं कारण

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।

अक्कलकोट, ता. ४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. राजेश्वरीस आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दुबईहून पाठवलेले व्हिसाचे कागद पोचले. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्या सवयीनं पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. म्हाताऱ्यांना तिकडं यायला वाटा तीन. एक, स्वतःच्या पुंजीवर निवृत्तांचा पाच वर्षांचा व्हिसा. ती पुंजीची अट ऐकून तुझी आई हसतच सुटली, म्हणाली, अहो शेठ, चष्मा पुसून परत वाचा. दुसरी, पाहुणे म्हणून दोन महिने राहून परतायचं. तिसरी, तू आम्हाला सांभाळतेस असं दाखवून दरवर्षी नवा करायचा व्हिसा. तू तिसरी धरलीस. तुला सातवा लागलाय, त्यामुळं आईचा पाय घरात ठरत नाही. शेंगाचटणी कुटून डबेसुद्धा बांधलेत.

सह्या करत शेवटच्या पानावर आलो आणि पेन अडलं. तिथं लिहिलंय, आमची काळजी घेणारं भारतात कोणीही नाही. अगं, तुझी चुलतबहीण मल्लव्वा रोज अकराला गरम भाकरी घेऊन येते. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी महिनाभर डोळ्यांत थेंब तिनंच घातले. नवरा गेल्यापासून तिलाही आमच्याशिवाय कोण आहे? सही केली नाही तर तुझ्याकडं कायमचं राहायला येणं नाही. केली तर तिच्या तोंडाकडं कसं बघू? यातलं तिला काही कळू देऊ नकोस.

जिवाला जप, एवढंच मागणं.
तुझा आप्पा

ता. क. पत्राचा फोटो नेहमीप्रमाणे मल्लव्वाच्या फोनवरून येईल.


अक्कलकोट, ता. ५ ऑगस्ट

चि. राजी हिला मल्लक्काचे आशीर्वाद. वि. वि.

काकांचं पत्र काल फोटो काढताना वाचलं. लई हसले. जिच्या फोनवरनं धाडायचं तिच्यापासनंच लपवायचं व्हय? हुशार हाय की तुझा बाप! मग जरा रडले बी, पण ते त्यांना सांगू नको.

राजी, त्यांना सही करायला लाव. कागदावर मी न्हाय म्हणून काय खरंच नसते का मी? काकू उठता बसता तुझं नाव घेते. चटणीनं काकांना ठसका लागतो, ताटात दही ठेवत जा. माझं काय, अकराला तवा ठेवायची सवय हाय, मोडेल चार दिवसांत.

माया हाय तशीच राहू दे.
तुझी मल्लक्का


दुबई, ता. ८ ऑगस्ट

तीर्थरूप आप्पांच्या पायांशी राजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

ते वाक्य व्हिसाच्या एजंटानं घातलेलं, पण मी वाचूनच पुढं पाठवलं. मल्लक्का आठवली नाही असं नाही, आप्पा. आठवली, तरी पाठवलं. एजंटाला आता विचारलं, तर म्हणाला, एवढं एक वाक्य असलं की काम सोपं होतं. असलं सोपं काम मला नको.

बाळाच्या वेळी तुम्ही दोघं जवळ हवेत, हा हट्ट मात्र सोडणार नाही. म्हणून पाहुण्यांचा, दोन महिन्यांचा फॉर्म धाडते आहे. अव्वाला तुम्हीच समजवा, आईशी फोनवर हे माझ्याच्यानं बोलवत नाही.

रागावला असाल तरी आशीर्वाद द्या.
तुमची राजी


अक्कलकोट, ता. ११ ऑगस्ट

चि. राजेश्वरीस आप्पा-अव्वाचे आशीर्वाद. वि. वि.

दोनच महिने हे ऐकून तुझ्या आईनं बांधलेले डबे सोडून ठेवले, मल्लव्वानं आणलेल्या भाकरीलाही शिवली नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून एक चटणीचा डबा तिच्या हातात दिला आणि बजावलं, सगळी संपवू नको, दोन महिन्यांनी आल्यावर मला लागेल. तेव्हा समजलो, गाडी रुळावर आली.

मल्लव्वाला विचारलं, माझं पत्र वाचलंस का. तर म्हणते, काका, मला कुटं वाचता येतंय! सातवीला तालुक्यात पहिली आलेली बाई.

फॉर्म भरलाय. त्यात एक रकाना होता, भारतात परत येण्याचं कारण. तुझ्या एजंटानं तिथं घर व शेती असं सुचवलं होतं. मी ते खोडून ठळक अक्षरात लिहिलंय: पुतणी मल्लव्वा, रोज अकराला भाकरी आणते.

फोटो तीच काढणार. वाचता येत नाही म्हणते, तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेलच. अक्षर पुसट आलं तर दोष माझ्या हाताला देऊ नकोस.

भेटीची वाट बघणारा,
आप्पा